न्यूयॉर्कमध्ये नवे आहात? पिझ्झाची दुकानं अशी पारखा

न्यूयॉर्कला किंवा नदीपलीकडे जर्सी सिटीला नोकरी-शिक्षणासाठी आलेल्या माणसाला पहिल्या महिन्याभरात हा प्रश्न पडतोच: इथला चांगला पिझ्झा कुठे मिळतो? ऑफिसात विचारलं तर पाच जण पाच नावं सांगतात आणि जो तो आपल्या नावावर ठाम असतो. फोनवर बघावं तर सगळ्यांनाच साडेचार तारे. मग नवखा माणूस टाइम्स स्क्वेअरजवळ समोर दिसेल त्या दुकानात शिरतो, कागदी प्लेटवरचा तेलकट तुकडा खातो आणि ‘एवढं काय आहे यात’ म्हणून विषय सोडून देतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. या शहरात कमी पैशात मिळणारी इतकी चांगली खायची गोष्ट दुसरी नाही, आणि ती शोधायला फार खटपटही करावी लागत नाही.

ऑफिसातले ते पाचही जण बहुधा बरोबर असतात, फक्त ते वेगवेगळ्या पदार्थांबद्दल बोलत असतात. कोळशाच्या भट्टीतला अख्खा पिझ्झा, काउंटरवर उभ्याने खायचा स्लाइस म्हणजे सुटा तुकडा, जाड चौकोनी सिसिलियन आणि नेपल्सच्या पद्धतीचा मऊ पिझ्झा ही चार निरनिराळी खाणी आहेत. त्यांची एकमेकांशी तुलना केली की हाती काही लागत नाही. आधी प्रकार ओळखायचा, मग त्याच प्रकारातली दोन दुकानं निवडायची आणि दोन्हीकडे साधाच पिझ्झा मागायचा. एवढं पाळलंत तर थोड्याच दिवसांत तुमची जीभ तुम्हाला स्वतः सांगायला लागेल.

पहिली पायरी: आत शिरताच भट्टी बघा

पाटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा काउंटरमागे काय पेटलंय ते महत्त्वाचं. पिझ्झाचा निम्मा स्वभाव भट्टी ठरवते.

सगळ्यात जुना प्रकार कोळशाच्या भट्टीचा. नेपल्सहून आलेल्या लोकांना इथे ब्रेडच्या बेकऱ्यांमधल्या कोळशाच्या भट्ट्या मिळाल्या आणि त्यातच पिझ्झा भाजला जाऊ लागला. स्प्रिंग स्ट्रीटवरचं लोम्बार्डीज १९०५पासूनचं म्हणवतं. अमेरिकेतला पहिला पिझ्झेरिया म्हणून वर्षानुवर्षं त्याचंच नाव घेतलं जातं, पण अलीकडच्या संशोधनात त्याच्या आधीचीही दुकानं सापडली आहेत. मूळ दुकान १९८४मध्ये बंद पडलं आणि १९९४मध्ये त्याच रस्त्यावर थोडं पुढे पुन्हा सुरू झालं. लोम्बार्डीजमध्ये काम केलेल्या अँथनी ‘टोटोनो’ पेरो यांनी १९२४मध्ये कोनी आयलंडला टोटोनोज काढलं. त्यानंतर १९२९मध्ये जॉन्स आलं, जे आता ब्लीकर स्ट्रीटवर आहे, आणि १९३३मध्ये ईस्ट हार्लेममध्ये पॅट्सीज.

या भट्ट्या प्रचंड तापतात, पिझ्झा तीन-चार मिनिटांत बाहेर येतो. कड काळपट, कुरकुरीत, आतून थोडी चिवट. चीज ताजं मोझरेला, तेही सगळीकडे पसरलेलं नाही, ठिकठिकाणी पांढरे डाग पडल्यासारखं. काळा भाग बघून ‘जळलाय’ म्हणून परत पाठवू नका, त्यातच या प्रकाराची चव आहे. मात्र काळ्या ठिपक्यांची खमंग कडवट चव वेगळी आणि राखेसारखी कडू चव वेगळी. दुसरी आली तर भट्टीचा तळ नीट झाडलेला नाही असं समजा.

कोळशाच्या भट्ट्यांची दुकानं मोजकीच उरली आहेत आणि नवी निघणं जवळपास अशक्य आहे. हवेच्या प्रदूषणासाठी शहराने नियम कडक केले आहेत. मे २०१६च्या आधी बसवलेल्या कोळशाच्या आणि लाकडाच्या भट्ट्यांनी धुरातले कण ७५ टक्क्यांनी कमी करावेत असा नियम २०२४पासून लागू झाला. तेव्हा या दुकानांना जायचा बेत फार लांबवू नका, आणि निघण्याआधी त्या दिवशी दुकान उघडं आहे का तेवढं पाहून घ्या.

दुसरा प्रकार गॅसच्या डेक ओव्हनचा. स्टीलची, कपाटासारखी लांबरुंद पेटी, तिला खाली उघडणारं दार आणि आत दगडी तळ. दुसऱ्या महायुद्धानंतर हे ओव्हन शहरभर पसरले आणि त्यांच्याबरोबर स्लाइस विकण्याची पद्धतही पसरली. कारण सरळ आहे. कोळशाच्या भट्टीतला पिझ्झा पुन्हा गरम केला की त्यातलं ताजं चीज रबरासारखं होतं. गॅसच्या ओव्हनचं तापमान कमी, साधारण २९० अंश सेल्सिअसच्या आसपास, पिझ्झा सात-आठ मिनिटं भाजला जातो, आणि वर कमी पाण्याचं, किसून घातलेलं मोझरेला असतं. हा पिझ्झा थंड होऊन पुन्हा तापवला तरी टिकतो, कधीकधी सुधारतोसुद्धा. ‘न्यूयॉर्क स्लाइस’ म्हणून जगभर जे नाव झालंय ते याचं.

तिसरा प्रकार चौकोनी. यातला सिसिलियन जाड, स्पंजासारखा, तेल लावलेल्या खोल ट्रेमध्ये फुगवून भाजलेला. त्याचाच पातळ भाऊबंद म्हणजे ‘ग्रँडमा’. तो लाँग आयलंडच्या बाजूने शहरात आला. त्यात पीठ फारसं फुगू देत नाहीत आणि टोमॅटोला लसणीचा वास असतो. काउंटरच्या काचेमागे दोन्ही शेजारी ठेवलेले असतात आणि नव्या माणसाला सारखेच दिसतात. उंची बघून ओळखा.

चौथा प्रकार नेपल्सचा. लाकडाची भट्टी, ४८५ अंशांच्या आसपास तापलेली, पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत तयार. नेपल्समध्ये १९८४मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने त्याचे नियमच लिहून ठेवले आहेत. याचा मधला भाग ओलसर आणि मऊ असणारच, सुरीकाट्याने खायचा असतो. पहिल्यांदा खाणाऱ्याला तो कच्चा वाटतो. कच्चा नसतो. पण त्याला स्लाइसच्या मापाने मोजलंत तर तो नापास होणार, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

दुसरी पायरी: साधाच मागा

काउंटरवर पंधरा-वीस प्रकार मांडलेले असतात. चिकन, अननस, ब्रोकोली, पास्ता, काय वाट्टेल ते. तुलना करायच्या दिवशी यातलं काहीही घेऊ नका. ‘प्लेन स्लाइस’ किंवा ‘रेग्युलर स्लाइस’ एवढंच म्हणा. टोमॅटो, चीज आणि पीठ, या तीन गोष्टींत लपायला जागा नसते. वर सिमला मिरची, कांदा, मशरूम पडलं की दुकानदाराचं पीठ कसं आहे हे तुम्हाला कधीच कळणार नाही. अख्ख्या पिझ्झाला इथे ‘पाय’ म्हणतात, ते माहीत असू द्या, नाहीतर एक तुकडा हवा असताना खोका हातात येईल. बसून खायच्या दुकानात मार्गारीटा, म्हणजे टोमॅटो, मोझरेला आणि बेसिलचा साधा पिझ्झा मागा.

रांगेत काय मागायचं ते आधीच ठरवून ठेवा. गर्दीच्या वेळी काउंटरवरचा माणूस तुमच्याकडे दोन सेकंद बघतो. तो उद्धट नसतो, मागे वीस जण उभे असतात. थोडे रोख पैसे जवळ ठेवा. काही जुनी दुकानं कार्ड घेत नाहीत.

आता कळीची गोष्ट. तुमचा स्लाइस नुकत्या निघालेल्या पिझ्झातला आहे की तासाभरापूर्वीचा, पुन्हा तापवलेला? दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक पडतो, आणि बहुतेक चुकीची मतं इथेच तयार होतात. एका दुकानात नशिबाने ताजा मिळाला, दुसऱ्यात तापवलेला, आणि माणूस पहिल्याला शहरातलं सर्वोत्तम ठरवून मोकळा होतो. म्हणून दोन्हीकडे तापवलेलाच खा, किंवा दोन्हीकडे ताज्यासाठी थांबा. मला स्वतःला तापवलेला स्लाइस जास्त खरा वाटतो. ताजा पिझ्झा कुणाचाही बरा लागतो. दुसऱ्यांदा ओव्हनमध्ये जाऊन बाहेर आल्यावरही जो कुरकुरीत आणि आतून ओलसर राहतो, त्याचं पीठ खरंच चांगलं असतं.

दुपारी बारा ते दोन खप जोरात असतो, ताजा मिळायची शक्यता तेव्हा जास्त. चारच्या सुमारास गेलात तर तापवलेलाच मिळेल. दोन दुकानं एकाच दिवशी, एकाच वेळेच्या आसपास करा. तिसरं जोडू नका, पोट भरलं की जीभ खोटं बोलते.

तिसरी पायरी: हातात आल्यावर

स्लाइस प्लेटवर आला की लगेच चावू नका. टेबलावर लाल तिखटाचे कण, ओरेगानो, लसणीची पूड आणि किसलेल्या चीजचे डबे असतात, त्यांनाही पहिल्या अर्ध्या तुकड्यापर्यंत हात लावू नका.

आधी मागची कड दोन बोटांनी उचलून तळ बघा. हा तळ मी सगळ्यात आधी बघतो. चांगल्या स्लाइसचा तळ एकसारखा फिका नसतो आणि एकसारखा तपकिरीही नसतो. नीट शेकलेल्या भाकरीसारखे त्यावर लहान-मोठे गडद डाग असतात, मध्ये पिवळसर भाग, आणि बोटाला किंचित पिठूळ लागतं. पांढराफटक, मेणचट तळ म्हणजे ओव्हन पुरेसा तापला नव्हता किंवा घाईत काढला. तळावर बारीक जाळीची नक्षी दिसली तर तो जाळीवर ठेवून भाजलाय, दगडावर नाही. अशा दुकानाला मी दुसरी संधी क्वचित देतो.

मग स्लाइस लांबीत मधोमध दुमडा. इथे सगळे असाच खातात, कारण मूळ पिझ्झा १८ इंची असतो आणि आठवा तुकडासुद्धा तळहाताला पुरून उरतो. दुमडल्यावर टोक किंचित खाली झुकावं, पण लोळागोळा होऊन पडू नये. घडीच्या रेषेत बारीक तडा जाण्याचा आवाज आला तर उत्तम. पूर्ण तुटला तर तो कोरडा झालाय. टोकावरून तेलाची धार लागली तर चीज हलक्या प्रतीचं आहे किंवा ओव्हनमध्ये जास्त वेळ राहिलंय. थोडं नारिंगी तेल सुटणारच, त्याला घाबरू नका.

पहिला घास टोकाचा. त्यात चीज आणि सॉसचं प्रमाण कळतं. न्यूयॉर्कच्या साध्या स्लाइसमध्ये दोन्ही बेताचंच असायला हवं. चांगली दुकानं टोमॅटो आधी शिजवत नाहीत, डब्यातला कुस्करून मीठ घालून तसाच लावतात. तो ओव्हनमध्येच काय ते शिजतो, म्हणून आंबटगोड आणि ताजा लागतो. सॉस गोडमिट्ट असेल तर साखर घातलीय. जड, गडद, सुक्या ओरेगानोचाच वास येणारा असेल तर तो तासन्‌तास शिजवलेला आहे.

शेवटचा घास कडेचा, आणि खरा निकाल तिथे लागतो. कड मोडून आत बघा. लहान-मोठी, वेडीवाकडी भोकं दिसली तर पीठ नीट आंबलंय. चांगली दुकानं पीठ एक ते तीन दिवस थंडीत ठेवून सावकाश आंबवतात. तसं पीठ चवीला किंचित आंबूस असतं, आणि पोटाला जड पडत नाही. आत घट्ट, पांढरा, ब्रेडच्या लगद्यासारखा भाग दिसला तर पीठ घाईने फुगवलंय. पुष्कळ लोक कडा प्लेटमध्ये टाकून उठतात. ज्या दुकानातल्या प्लेटांमध्ये कडा उरलेल्या दिसत नाहीत, ते दुकान चांगलं. ही पारख तर आत न खाताही करता येते.

पिठाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. अमेरिकेतल्या पुष्कळ पिझ्झेरियांत जास्त ग्लुटेनचा, पोटॅशियम ब्रोमेट (पीठ चांगलं फुगावं म्हणून घालायचं रसायन) घातलेला मैदा वापरतात. भारतात २०१६मध्ये ब्रोमेटवर बंदी आली, इथे केंद्र सरकारची तशी बंदी नाही. ज्यांना ते नको असेल त्यांनी ‘तुमचं पीठ अनब्रोमेटेड आहे का’ असं बिनधास्त विचारावं. नव्या पिढीची बरीच दुकानं ते अभिमानाने सांगतात. ऑर्चर्ड स्ट्रीटवरचं स्कार्स तर स्वतः दळलेलं पीठ वापरतं.

आणि ते पाण्याचं. न्यूयॉर्कच्या नळाच्या पाण्यामुळे इथला पिझ्झा चांगला होतो, असं तुम्हाला शंभर जण सांगतील. पाणी मऊ आहे हे खरं, पण आंबवण्याचा वेळ आणि भट्टीची धग यांच्यापुढे त्याचा फरक फार छोटा आहे. एकाच नळाच्या पाण्यावर या शहरात अप्रतिम आणि रद्दी, दोन्ही पिझ्झे बनतात.

चौथी पायरी: जोड्या लावा

सुरुवात ब्रुकलिन ब्रिजच्या पायथ्याशी करा. तिथे ग्रिमाल्डीज आणि जुलियानाज ही दोन दुकानं अक्षरशः शेजारी-शेजारी आहेत, दोन्हींत कोळशाची भट्टी. पॅट्सी ग्रिमाल्डी यांनी १९९०मध्ये इथे दुकान काढलं, पुढे ते विकलं. नव्या मालकाला जागेचा करार गमवावा लागला तेव्हा तो ग्रिमाल्डीज नाव घेऊन शेजारच्या इमारतीत गेला, आणि २०१२मध्ये पॅट्सी ग्रिमाल्डी मूळ जागी, मूळ भट्टीपाशी परतले. नाव एकाकडे, भट्टी दुसऱ्याकडे. या वेळी दुकानाला आईचं नाव दिलं, जुलियाना. प्रकार एक, परंपरा एक, अंतर काही पावलांचं. तुलना शिकायला याहून चांगली जागा नाही. चौघं जा, दोघांनी एका रांगेत उभं राहायचं, दोघांनी दुसऱ्या, आणि दोन्ही खोके घेऊन पुलाखालच्या बागेत नदीकाठी बसायचं. दोन्हीकडे स्लाइस मिळत नाही, अख्खाच घ्यावा लागतो. जॉन्सही स्लाइस विकत नाही, तशी पाटीच आहे तिथे. कोळशाच्या भट्टीतला सुटा स्लाइस हवा असेल तर ईस्ट हार्लेमचं पॅट्सीज गाठा, ही चैन शहरात फार कुठे नाही.

स्लाइससाठी ग्रिनिच व्हिलेजमधलं कार्माइन स्ट्रीटवरचं जोज घ्या. १९७५पासूनचं दुकान, सगळ्यांच्या मापाला धरायची पट्टी म्हणून उत्तम: पातळ, साधा, कुठेही आगाऊपणा नाही. त्याच्यासमोर स्कार्स ठेवा. जोजचा स्लाइस जुन्या पठडीतला, स्कार्सच्या पिठाला धान्याचा वास जास्त. कुठला आवडतो हे कळलं की पुढची निम्मी दुकानं आपोआप गळतात किंवा यादीत येतात.

चौकोनीसाठी दक्षिण ब्रुकलिनमध्ये ८६व्या स्ट्रीटवर एल अँड बी स्पुमोनी गार्डन्स. ते १९३९पासून आहे. यांच्या सिसिलियनमध्ये चीज खाली आणि टोमॅटो वर असतो, त्यामुळे पीठ सॉसने ओलं होत नाही. बाहेरच्या बाकांवर बसून कोपऱ्याचा तुकडा खा, नंतर स्पुमोनी हे तिथलं आइस्क्रीम. याच्या जोडीला मॅनहॅटनमधल्या प्रिन्स स्ट्रीट पिझ्झाचा पेपरोनी (मसालेदार मांसाच्या चकत्या) नसलेला चौकोनी तुकडा घ्या. त्यांचं नाव पेपरोनीवर झालंय, पण आपली तुलना साध्याची आहे.

नेपल्सच्या प्रकारात अँथनी मँजिएरी यांचं ऊना पिझ्झा नापोलेताना. आठवड्यातले मोजकेच दिवस उघडं असतं आणि जागा आधी राखावी लागते. मेन्यू आखूड. जर्सी सिटीत राहणाऱ्यांना तर नदी ओलांडायचीही गरज नाही. मॅनहॅटन आणि न्यू जर्सी जोडणाऱ्या पाथ ट्रेनच्या ग्रोव्ह स्ट्रीट स्टेशनजवळ डॅन रिचर यांचं राझा आहे. २०१७मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने त्याला तीन तारे दिले तेव्हा मॅनहॅटनकरांना ते झोंबलं होतं. जर्नल स्क्वेअरच्या इंडिया स्क्वेअरमध्ये वाणसामान भरायला येणाऱ्या कितीतरी मराठी कुटुंबांना हे दुकान एका स्टेशनावर आहे हे माहीतच नसतं. ते नेपल्सच्या नियमांना बांधलेलं नाही, कड ऊनापेक्षा जास्त खरपूस असते, तेव्हा तुलना करताना एवढी सूट ठेवा.

एक दुकान मी कुठल्याच जोडीत बसवत नाही. ब्रुकलिनमध्ये मिडवुडला अव्हेन्यू जेवर डि फारा आहे. इटलीहून आलेले डॉम डिमार्को यांनी ते १९६५मध्ये काढलं आणि कित्येक दशकं पिझ्झे बहुतेक स्वतःच करत राहिले. ओव्हनमधून काढलेल्या पिझ्झावर ते कात्रीने ताजी बेसिल कापून टाकत, वरून ऑलिव्ह तेलाची धार सोडत, आणि लोक तासन्‌तास थांबत. २०२२मध्ये ते गेले. दुकान आता कुटुंबाकडे आहे. गॅसच्या ओव्हनमध्ये भाजलेला, पण कोळशाच्या पिझ्झाच्या वळणाचा, असा तो वेगळाच आहे. जोडी न लावता एकदा खाऊन या.

नावाला भुलू नका, हे इथेच सांगतो. शहरात ‘रेज’ नावाची असंख्य दुकानं होती, काही अजून आहेत, कुणी ‘ओरिजिनल’, कुणी ‘फेमस’, कुणी दोन्ही. पहिलं म्हणून जे मानलं जातं ते १९५९मध्ये प्रिन्स स्ट्रीटवर निघालं आणि २०११मध्ये बंद पडलं. बाकीच्यांचा त्याच्याशी बहुधा काही संबंध नव्हता. खिडकीतल्या जुन्या फोटोंपेक्षा खिडकीतलं आरोग्य खात्याचं अक्षर बघा. २०१०पासून प्रत्येक खाद्यगृहाला तपासणीनंतर ए, बी किंवा सी असं अक्षर दर्शनी भागात लावावं लागतं. सी दिसलं तर मी पुढच्या दुकानात जातो.

शाकाहारी आहात? मग हे आधी वाचा

इथे ‘व्हेजिटेरियन’ म्हणजे मांस नाही, एवढाच अर्थ घेतला जातो. साध्या स्लाइसवर वरून भुरभुरलेलं चीज बऱ्याचदा पेकोरिनो रोमानो किंवा पार्मेसान असतं. खरं पेकोरिनो रोमानो कोकराच्या रेनेटने (चीजसाठी दूध घट्ट करणारं, पिल्लाच्या पोटातून काढलेलं द्रव्य) आणि खरं पार्मिजानो वासराच्या रेनेटने बनतं, त्याचा नियमच तसा आहे. अमेरिकेतलं साधं मोझरेला बहुतेक वेळा प्राणिज नसलेल्या रेनेटचं असतं. ज्यांना हे चालत नाही त्यांनी ‘वरून किसलेलं चीज नको’ असं सांगावं आणि मोझरेलाबद्दलही एकदा विचारावं. विचारण्यात काही गैर नाही, ज्यू आणि मुस्लिम गिऱ्हाइकांमुळे या शहरातल्या दुकानदारांना असल्या प्रश्नांची सवय आहे.

सिसिलियनच्या सॉसमध्ये कुठेकुठे अँचोव्ही, म्हणजे खारवलेले छोटे मासे असतात. कापायचं चाक सगळ्यांना एकच असतं. पेपरोनीवरून फिरलेलं चाक तुमच्या पिझ्झावर फिरू नये असं वाटत असेल तर ‘क्लीन कटर प्लीज’ म्हणा, नाहीतर अख्खा पिझ्झा न कापता घ्या.

यावर एक फार सोपा मार्ग आहे आणि आपल्या लोकांना तो कळला पाहिजे: कोशर पिझ्झेरिया. ज्यूंच्या आहारनियमांत दूध आणि मांस एकत्र येऊ शकत नाही. त्यामुळे चीज विकणाऱ्या कोशर दुकानाच्या स्वयंपाकघरात मांस येतच नाही. चाक, ट्रे, ओव्हन, कशालाच मांसाचा स्पर्श नाही. मासे मात्र असू शकतात, टूना पिझ्झा तिथे सर्रास मिळतो, एवढं लक्षात ठेवा. ब्रुकलिनमध्ये मिडवुडला आणि क्वीन्समध्ये क्यू गार्डन्स हिल्सच्या मेन स्ट्रीटवर अशी दुकानं आहेत. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी रात्रीपर्यंत ती बंद असतात. आईवडील भारतातून आले असतील आणि ते याबाबतीत काटेकोर असतील तर त्यांना आधी इथे न्या.

कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी नेपल्सच्या प्रकाराची मार्गारीटा घ्यावी, तिच्या पारंपरिक कृतीत लसूण नसते. मारिनारा घेऊ नये, तिचा जीवच लसणीत असतो. दूध वर्ज्य असेल तर मात्र मारिनाराच, कारण तिच्यावर चीज नसतं.

न्यू जर्सीत एडिसनकडे आणि जर्सी सिटीत पनीर टिक्का आणि हिरव्या चटणीचे देशी पिझ्झे मिळतात. मला आवडतात. त्यांची तुलना त्यांच्यातच करा.

पैशाचं

साध्या स्लाइसची किंमत सबवेच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या भाड्याबरोबर वाढते, असं एका न्यूयॉर्ककराने १९८०मध्ये दाखवून दिलं, आणि ढोबळमानाने ते पुष्कळ वर्षं खरं ठरलं. भाड्याच्या बरंच खाली मिळणारा स्लाइस म्हणजे २००८च्या मंदीनंतर पसरलेली एका डॉलरची दुकानं, त्यातली बरीच आता दीडवर गेली आहेत. रात्री दोनला भूक लागल्यावर ती देवासारखी धावून येतात. तुलनेत मात्र त्यांना धरू नका.

अख्खा घेताना इंच बघा. १८ इंची पिझ्झा १२ इंचीपेक्षा दीडपट दिसतो, पण क्षेत्रफळ सव्वादोनपट असतं. शहरात खाण्यावर ८.८७५ टक्के विक्रीकर लागतो, न्यू जर्सीत ६.६२५. बसून खाल्लंत तर १८ ते २० टक्के टिप धरा. काउंटरवर सक्ती नाही, लोक बरणीत एखादा डॉलर टाकतात.

पाचवी पायरी: लिहून ठेवा

फोनमध्ये एक नोंद उघडा. दुकान, तारीख, वेळ, ताजा की तापवलेला, तळ, सॉस, कड, आणि दहा मिनिटांनी थंड झाल्यावर कसा लागला. एवढंच. दहापैकी गुण देण्यापेक्षा ‘तळ फिका, कड छान, सॉस गोड’ असं लिहिलेलं सहा महिन्यांनी जास्त उपयोगी पडतं. थंड झाल्यावरची नोंद चुकवू नका. गरम असताना चीज सगळं झाकून टाकतं, थंड झाल्यावर मीठ जास्त आहे का, पीठ बेचव आहे का हे उघडं पडतं.

घरपोच मागवलेल्या पिझ्झावरून कुठल्याच दुकानाबद्दल मत बनवू नका. बंद खोक्यात वाफ कोंडते आणि वीस मिनिटांत उत्तम कडही चामट होते. स्वतः आणायला गेलात तर ‘वेल डन’ सांगा, म्हणजे थोडा जास्त भाजून देतात, आणि रस्त्याने खोक्याचं झाकण किंचित उघडं ठेवा. उरलेला दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. लोखंडी तवा मध्यम आचेवर तापवा, स्लाइस कोरडाच ठेवा, तळ कडक झाला की बाजूला पाण्याचे चार-पाच थेंब टाकून मिनिटभर झाकण ठेवा. चीज वितळतं, तळ कुरकुरीत राहतो. कोळशाच्या भट्टीतल्या पिझ्झाला मात्र झाकण ठेवू नका, त्याचं ताजं चीज पाणी सोडतं.